नळ आले त्या वर्षी

श्रमसाफल्य नगरातल्या कुठल्याही घरासमोर उभं करा, त्या घराचा पाया कोणत्या उन्हाळ्यात खणला ते शालिकराम सांगू शकत होता. कारण साधं होतं. घर बांधायचं तर पाणी लागतं. शहराबाहेर, बेसा गावाच्या पुढच्या त्या माळावर पाणी म्हणजे दुर्गेशसेठचा टँकर, आणि टँकर म्हणजे शालिकराम. विटा भिजवायला पाणी त्याचं, नवा स्लॅब ओला ठेवायला, तराईला पाणी त्याचं, वास्तूच्या पंगतीलाही त्याचंच. तो पहिल्यांदा आला तेव्हा तिथं चार घरं होती आणि बाकी तुरीचं वावर. बारा वर्षांत तीनशे घरं झाली. मिहानच्या औद्योगिक पट्ट्यात कंपन्या आल्या, वर्धा रोडवर मेट्रोचे खांब उभे राहिले, आणि शहरातली माणसं 'ऑफिस जवळ पडतं' म्हणत इकडं सरकत गेली. रस्ता आला, पथदिवे आले, जिम आली, केकचं दुकान आलं. नळ तेवढा येत नव्हता.

शालिकराम मौद्याकडचा. गावची जमीन धाकट्या भावाकडे, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, एकुलती मुलगी गुंजन भिवापूरला नांदत होती. दुर्गेशसेठची विहीर पिपळ्याच्या वाटेवर होती, तिच्याच काठाशी टिनाच्या खोलीत तो राहायचा. सकाळी सहाला पहिली खेप भरायची, दिवस मावळता शेवटची. दिवसभर फोन वाजत राही. 'शालिकभाऊ, उद्या पाहुणे येऊन राहिले, जरा लवकर या.' 'शालिकभाऊ, टाकं कोरडं पडलं गा.' कोणाकडे बारसं आहे, कोणाकडे तेरावं, कोणाची सून माहेराहून परत आली, हे त्याला पाण्यावरून कळायचं. खोलीवर आलं की मात्र बोलायला कोणी नसायचं. पण दिवस इतका बोललेला असायचा की त्याला ते जाणवत नसे.

मंगळवारी आणि शनिवारी एकेचाळीस नंबर. ते सत्यवतीबाईंचं घर. बाई शहरातल्या महाल भागातल्या एका शाळेत मराठी शिकवायच्या. निवृत्त झाल्या, त्याच वर्षी मुलाला, हर्षितला, मिहानमधल्या कंपनीत नोकरी लागली म्हणून सगळ्यांनी मिळून इथं घर बांधलं. नवरा, शरच्चंद्र, रोज संध्याकाळी येऊन स्लॅबवरचं पाणी तपासायचा. नव्या घरात तो दीड वर्ष राहिला आणि हृदयविकारानं गेला. पुढं हर्षितच्या कंपनीनं त्याचं कामच पुण्याला हलवलं. तो, सून आणि नात तिकडं गेले. 'ऑफिस जवळ' म्हणून बांधलेल्या घरात बाई एकट्या उरल्या.

त्यांचं टाकं घराच्या मागं होतं. पाइप वळसा घालून न्यावा लागे, म्हणून टँकरवरचा पंप चालू करायला लागायचा. टाकं भरायला वीस मिनिटं. तेवढ्या वेळात बाई मागच्या ओट्यावर चहा आणून ठेवत आणि खुर्ची टाकून बसत. शालिकराम टाक्याच्या तोंडाशी, पाइप धरून. पंपाच्या धडधडीवरून दोघं ओरडून बोलत.

"काय म्हणते गुंजन?"

"बरी हाये! मिरची तोडून राहिली म्हणे!"

"नातू?"

"शाळेत जाते आता!"

मग बाई हर्षितचं सांगत. नातीला मराठी वाचता येत नाही, फोनवर पाच मिनिटांत कंटाळते, हे सांगत. कधी पेपरातली बातमी सांगत. पंप बंद झाला की गप्पाही थांबत. बाई आत जात, तो पाइप गुंडाळून निघून जाई. आठ वर्षांत ओट्याच्या पुढं तो कधी गेला नव्हता, आणि त्यात काही कमी आहे असं त्यालाही वाटलं नव्हतं.

पाइपलाइनचं बोलणं दर निवडणुकीला व्हायचं. त्यामुळे खरंच जेसीबी आला तेव्हा लोकांनी आधी विश्वासच ठेवला नाही. चार महिने गल्ल्या खणलेल्या होत्या. शालिकराम खड्डे चुकवत टँकर नेई आणि मजुरांच्या ड्रममध्ये फुकट पाणी सोडी. 'भाऊ, तुमच्याच पोटावर पाय देऊन राहिलो आम्ही,' एक मुकादम हसत म्हणाला होता. शालिकरामही हसला होता. सरकारी काम, होईल तेव्हा होईल.

जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी तो पूर्ण भरलेला टँकर घेऊन नगराच्या लेआउटमध्ये शिरला, तर पहिल्याच गल्लीत बायका अंगणात उभ्या होत्या. नळाला हळदकुंकू लावलेलं. एकीनं नारळ फोडला होता. पाणी आलं होतं, आणि चांगल्या जोरानं आलं होतं. त्यानं पहिल्या घरासमोर हॉर्न दिला. घरमालकानं गच्चीवरून हात हलवला. "आज नको, शालिकभाऊ! नळ आले ना!" दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी कोणी बाहेरही आलं नाही. त्याला कोणी फोन करून सांगितलं नव्हतं. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, आनंदात कोणाला सुचलंच नाही, एवढंच. भरलेला टँकर घेऊन तो गल्लीगल्लीनं फिरला. वळणावर आतलं पाणी एका बाजूला डचमळायचं आणि गाडी जड व्हायची. आपण चुकून कोणाच्या लग्नात शिरलो की काय, असं त्याला वाटायला लागलं.

एकेचाळीस नंबरसमोर बाई फाटकाशीच उभ्या होत्या.

"उशीर केला आज," त्या म्हणाल्या.

"बाई, नळ आला नाही का तुमच्याकडं?"

"आला म्हणतात. धार बारीक आहे. तुम्ही सोडा पाणी."

त्यानं मागं जाऊन टाक्याचं झाकण उचललं. पाणी वरून हातभरच खाली होतं. त्यानं बाईंकडे पाहिलं. बाई चहा गाळत होत्या. त्यानं पाइप आत सोडला आणि पंप चालू केला.

त्यानंतर दर शनिवारी बाईंचा फोन येत राहिला. आठवड्यातून एकदाच, पण न चुकता. झाकण उचललं की टाकं जवळजवळ भरलेलंच असे. बाई ते जाणत होत्या, तोही जाणत होता, आणि दोघंही त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हते. तो पंप अगदी सावकाश चालवायचा. टाकं पाचच मिनिटांत भरायचं. मग पाणी कडेवरून निघून बागेत, बागेतून फाटकाखालून रस्त्यावर वाहायचं, आणि त्यांच्या गप्पा आपल्या चालू राहायच्या. बाकीचे फोन हळूहळू बंद झाले होते. दिवसाला बारा खेपा व्हायच्या, त्या चारवर आल्या. त्या चार नाल्यापलीकडच्या वस्तीत. ती वस्ती कागदावर मंजूर नव्हती, म्हणून पाइपलाइन नाल्याशी येऊन थांबली होती. तिथं भाड्याच्या खोल्यांत माणसं राहायची. मिहानच्या बांधकामावर जाणारी, लेआउटमध्ये धुणीभांडी करणारी.

एप्रिलमध्ये दुर्गेशसेठची विहीर खाली गेली. एक खेप भरायला तास लागू लागला. एका शनिवारी शालिकराम बाईंकडे पाणी सोडत होता. ऊन टाळूला लागलं होतं. फाटकाशी गलका ऐकू आला म्हणून तो पुढं गेला. रस्त्यावर तीन बायका उभ्या होत्या, काखेत पाणी भरायचे रिकामे गुंड. पुढं होती ती नाल्यापलीकडच्या वस्तीतली तारा. हिरव्या साडीचा पदर कमरेला खोचलेला, पाय वाहत्या पाण्यात.

"काहून गा, शालिकभाऊ?" ती म्हणाली. "आम्ही सकाळपासून वाट पाहून राहिलो. लेकरं तशीच शाळेत गेली. आन् तू इथं रस्ता धुऊन राहिला?"

त्यानं वाहत्या पाण्याकडे पाहिलं.

"यांच्याकडं नळ हाये ना? मले मालूम हाये, मी मागच्या गल्लीत कामाले येतो. रोज पाणी येते इथल्या नळाले!"

मागं बाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. हातात कपबशी तशीच. ताराची नजर त्यांच्यावर गेली. तिनं गुंड खाली ठेवला, वाकून रस्त्यावरचं पाणी ओंजळीत घेतलं, तोंडावर मारलं आणि मैत्रिणींना घेऊन निघून गेली.

शालिकरामनं पंप बंद केला. अचानक खूप शांत झालं.

"बाई," तो म्हणाला, "नाल्यापलीकडं लय हाल हायेत. आठवड्याची ही एक खेप तिकडं गेली तर चाळीस घरं निघतात. तुमचं टाकं तर..."

"तर काय?"

"तर भरलेलंच असते, बाई."

बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. वर्गात कोणी मागून खडू मारावा तसं त्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"मग आधी सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. "मी बळजबरी केली होती का? पुढच्या शनिवारपासून येऊ नका."

त्या आत गेल्या. दार लागलं. चहा ओट्यावर तसाच राहिला.

त्या बोलल्या रागानं, हे त्याला कळत होतं. तरी तो पुढच्या शनिवारी गेला नाही. तो नाल्यापलीकडं गेला, ताराच्या गल्लीत पाणी सोडलं. कोणी खुर्ची टाकली नाही, कोणी गुंजनची चौकशी केली नाही. चाळीस घरांना पाणी देताना बोलायला फुरसत कोणाला असते? काम बरोबर झालं होतं. मनात मात्र दिवसभर काहीतरी अडकल्यासारखं राहिलं.

जुलैत नाल्यापलीकडची वस्तीही नियमित झाली आणि दिवाळीआधी तिथं नळ पोचले. दुर्गेशसेठनं टँकर विकला. विहिरीची जागा एका बिल्डरला दिली. विहीर बुजवायला मुरमाचे ट्रक आले त्या दिवशी शालिकराम आपली पेटी, गादी आणि गॅसची शेगडी बाहेर काढून बसला होता. मुरूम पडताना आधी पाण्याचा आवाज येत होता. मग चिखलाचा, मग नुसता मातीवर माती पडल्याचा. "शालिक, तुले काम लावून देतो," दुर्गेशसेठ म्हणाला, आणि त्यानं ते लावूनही दिलं, कारण माणूस वाईट नव्हता.

काम होतं रिंग रोडवरच्या गोदामात, पार्सलच्या गाडीवर. पत्र्याचं ते गोदाम एवढं लांबलचक होतं की त्याच्या गावची अख्खी वस्ती आत मावली असती. सकाळी गाडी भरून मिळे. कुठं जायचं ते मोबाइल सांगे, आणि वळण चुकलं तर मोबाइलच रागवे. दार उघडायचं. "नंबर सांगा." चार आकडे. खोका द्यायचा, फोटो काढायचा, पुढचं दार. वीस मिनिटं तो आता कुठंच थांबत नव्हता. गाडी एका जागी जास्त वेळ उभी राहिली की गोदामातून फोन यायचा.

त्याचा भाग श्रमसाफल्य नगरातच पडला. ज्यांच्या स्लॅबवर त्यानं पाणी टाकलं, त्यांच्या दारात तो खोका घेऊन उभा राहू लागला. काहींनी ओळखलं. "अरे, शालिकभाऊ! आता हे करून राहिले का?" म्हणाले, खोका घेतला आणि दार लावलं. बऱ्याच जणांनी मोबाइलवरून मान वर केली नाही. त्याचाही राग नव्हता. तोसुद्धा आता त्यांच्या तोंडाकडे कमी आणि खोक्यावरच्या चिठ्ठीकडे जास्त पाहायचा.

रोज सकाळी गाडी भरताना तो चिठ्ठ्या वाचायचा. एकेचाळीस नंबर कधीच नसायचा. बाई काही मागवत नव्हत्या. त्यांच्या गल्लीतून गाडी जायची तेव्हा फाटक बंद दिसायचं, अंगण झाडलेलं दिसायचं. पाणी नाही, खोका नाही, मग बेल वाजवून सांगायचं काय? रिकाम्या हातानं कोणाच्या दारात जायची त्याला सवयच राहिली नव्हती.

डिसेंबरातल्या एका बुधवारी, सुट्टीच्या दिवशी, तो धुतलेला शर्ट घालून आपल्या जुन्या मोपेडवर निघाला. फाटकासमोरून दोनदा पुढं गेला. तिसऱ्या वेळी थांबला आणि बेल दाबली.

बाईंनी दार उघडलं. वाळल्या होत्या. केस जास्त पांढरे झाले होते.

"पार्सल आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाई. असाच आलो."

त्यांनी दार पूर्ण उघडलं. मग म्हणाल्या, "या ना. आत या."

दिवाणखान्यात तो सोफ्याच्या काठावर बसला. भिंतीवर शरच्चंद्रांचा फोटो होता. बाईंनी चहा आणला.

"गुंजन कशी आहे?" बाईंनी एवढ्या मोठ्यानं विचारलं की तो दचकला.

"बरी हाये!" तोही ओरडला.

दोघंही एकदम गप्प झाले. घरात कुठलाच आवाज नव्हता. आठ वर्षं ते ओरडूनच बोलले होते. हळू कसं बोलायचं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. बाईंना हसू आलं, पण ते ओठांवरच राहिलं. डोळे भरून आले आणि त्या खिडकीकडे वळल्या.

"त्या दिवशी मी तुम्हाला बोलले," त्या म्हणाल्या. "खरं म्हणजे मला माझीच लाज वाटून राहिली होती. मी मुख्य व्हॉल्व्ह बंद करून ठेवायची, शालिकराम. टाकं थोडं तरी खाली जावं म्हणून. कपडे मळलेले नसतानाही धुवायची."

"मले मालूम होतं, बाई."

"तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं. हाल मात्र त्या बायकांचे झाले." त्यांनी डोळे पुसले. "दिवाळीनंतर मी नाल्यापलीकडं गेले होते. त्या हिरव्या साडीवालीला भेटायला. तिथं आता दुसरीच माणसं राहतात. नळ आला तसं घरमालकानं भाडं वाढवलं म्हणे. जुने सगळे गेले."

"रिंग रोडच्या पलीकडं गेले," शालिकराम म्हणाला. "आमच्या गोदामाच्या मागं. तिथं खोल्या स्वस्त हायेत." तो थांबला. "तिथं टँकर येते."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मला न्याल?"

पुढच्या बुधवारी तो आला. सहासष्ट वर्षांच्या बाई मोपेडवर मागं बसल्या, एका हातानं सीटची कडी धरून, दुसऱ्या हातानं पर्स पोटाशी. थंडीचं ऊन होतं. नव्या इमारतींच्या जाहिराती, मग अर्धवट इमारती, मग नुसते आखलेले प्लॉट. रिंग रोड ओलांडला आणि डांबर संपलं.

विटांच्या खोल्यांची रांग होती. पुढं टँकर उभा होता, दुसऱ्याच कोणाचा. त्याच्याभोवती ड्रम, गुंड, डबे यांची गर्दी. तारा रांगेत सातवी का आठवी होती. शालिकरामला पाहून तिनं मान हलवली.

"इकडं कुठं, भाऊ?"

"या बाई भेटाले आल्या."

तारानं बाईंकडे पाहिलं. ओळख पटली नाही. बाई पुढं झाल्या. सगळ्या प्रवासात त्यांनी मनात वाक्यं जुळवली असणार, पण आता ती कुठं गेली कोण जाणे.

"एप्रिलमध्ये," त्या म्हणाल्या, "माझ्या दारात तुम्ही... रस्त्यावर पाणी वाहत होतं. माझ्याकडे नळ होता, तरी मी टँकर बोलवायची. माझं चुकलं. ते सांगायला आले."

ताराच्या कपाळावर आठ्या पडल्या. ती आठवून पाहत होती, पण तिला ते आठवत नव्हतं. तसे कितीतरी दिवस, कितीतरी फाटकं तिच्या आयुष्यात होऊन गेली असतील. मागून कोणीतरी ओरडलं. रांग एक पाऊल सरकली.

"असन, बाई," तारा म्हणाली. आवाजात राग नव्हता, घाई होती. "आता जरा बाजूले व्हा. लाइन चालू हाये."

बाई बाजूला झाल्या. दोघं एका बाभळीखाली उभी राहिली. ताराचा नंबर आला, गुंड भरला, तिनं तो उचलून काखेत घेतला आणि ड्रमला हात लावला. शालिकराम पुढं झाला, दुसऱ्या बाजूनं ड्रम धरला आणि तिच्या खोलीपर्यंत नेऊन दिला. परत आला तेव्हा बाहीवर पाणी सांडलं होतं.

"तिला आठवलंच नाही," बाई म्हणाल्या.

"नाही आठवलं."

"मी आठ महिने झोपले नाही धड."

त्यानं मोपेड वळवली.

रिंग रोड ओलांडताना बाई मागून म्हणाल्या, "घरी नको. उज्ज्वल नगरच्या स्टेशनवर सोडा."

"कुठं जाता?"

"कुठंच नाही. मेट्रोत बसते, ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत जाते, त्याच गाडीनं परत येते. तिथं माणसं असतात." थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "आठवड्यातून तीनदा तरी जाते. हर्षितला सांगितलेलं नाही."

स्टेशनखाली त्यानं मोपेड लावली. त्या जिन्याकडे वळल्या, मग थांबल्या. "येता का?"

शालिकराम कधी मेट्रोत बसला नव्हता. त्यानं ओल्या बाहीकडे पाहिलं, चपलेवरच्या मातीकडे पाहिलं, आणि गेला.

गाडी दुपारची, अर्धी रिकामी. खांबाशी उभा राहून एक पोरगा कानात काहीतरी घालून डोलत होता. दोन मुली एका मोबाइलवर हसत होत्या. बाई खिडकीशी बसल्या, शालिकराम एक जागा सोडून. गाडी वर्धा रोडवरून इतक्या उंचावरून चालली होती की खाली उड्डाणपूल आणि त्याच्याही खाली रस्ता दिसत होता. सीताबर्डीला गर्दी चढली. कडबी चौकाला उतरली. त्यांच्यामधल्या रिकाम्या जागेवर एक म्हातारा बसला, दोन स्टेशनांनी उठून गेला. ती जागा पुन्हा रिकामी झाली. कोणी सरकलं नाही.

ऑटोमोटिव्ह चौकात सगळे उतरले. ती दोघं बसून राहिली. डब्यात थोडा वेळ दुसरं कोणीच नव्हतं. मग दारं लागली आणि गाडी उलटी निघाली.

"उद्या किती वाजता गोदामात जावं लागतं?" बाईंनी विचारलं. हळू आवाजात विचारलं.

"सातले."

"मग परत गेल्यावर तुम्ही निघा. मी अजून एक फेरी करीन."

तो हो म्हणाला. बाहेर छपरांवरच्या काळ्या टाक्या ओळीनं मागं जात होत्या, सगळ्या सारख्या.